गोड बोलण्याचं प्रशिक्षण

माझा आवाज एकदा व्हायरल झाला होता. गाण्याचा नव्हे, तेवढी कला अंगात नाही. लेबर रूमच्या दाराबाहेर बसलेल्या कुणा हौशी नातेवाइकानं मोबाइल फटीला लावला, आणि आत टेबलावर पडलेल्या बाईला मी जे काही सुनावत होते ते दुसऱ्या दिवशी अर्ध्या संभाजीनगरनं चहाबरोबर ऐकलं. "अगं, गळ्यातून जोर काढून बाळ येत असतं तर मी इथं पेटी घेऊन बसले असते! खाली जोर लाव, खाली!" असं त्यात होतं. पुढचं इथं लिहीत नाही.

माझ्या मुलाला ते त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलं. रात्री जेवताना त्यानं ते लावलं आणि साळसूदपणे म्हणाला, "आई, आवाज ओळखीचा वाटतोय." याच आवाजात तो पाढे शिकलेला, वाटणारच. नवरा मान खाली घालून वरण ओरपत राहिला. कधी बोलायचं आणि कधी वरण ओरपायचं, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

गंमत म्हणजे जिच्यावर मी ओरडले ती बाई ठणठणीत बाळंत झाली. घरी जाताना माझ्या पाया पडायचा तिनं हट्ट धरला, आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला तिचा दीरच तो रेकॉर्डिंगवाला निघाला. पेढे मात्र चांगले होते.

आमच्या मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. "सिस्टर, तुमच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नाही," ते म्हणाले. "तक्रार आवाजाबद्दल आहे." म्हणजे काम मी दवाखान्यात आणावं आणि आवाज घरी खुंटीला टांगून यावा, असं. मग माझी आणि माझ्यासारख्या आणखी काही कर्कश बायकांची रवानगी गोड बोलण्याच्या प्रशिक्षणाला झाली. वेरूळच्या वाटेवरच्या एका हॉटेलात हॉल घेतला होता. एसी होता, टेबलावर पाण्याच्या सीलबंद बाटल्या होत्या. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा घरातल्या कार्यासारखा प्रसंग असतो, त्यामुळे निम्म्या सिस्टरांनी आधी बाटल्या पिशवीत टाकल्या आणि मग प्रार्थनेला उभ्या राहिल्या.

शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. बाई मोठी गोड. बोलायला लागली की कानात कुणी कोमट तेल सोडतंय असं वाटायचं. प्रसूतीला आलेल्या बाईला आपण "ए", "अगं" न म्हणता "माता" म्हणायचं, असं त्यांनी सांगितलं. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. तिला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची. यातलं काही खोटं होतं असं मी म्हणणार नाही. फक्त एकाच वेळी टेबलांवरच्या सगळ्या मातांच्या खांद्यांवर ठेवायला हात किती लागतील, हे मी विचारलं, तेव्हा मॅडमनी "खूप छान प्रश्न" असं म्हणून चहाची सुट्टी दिली.

मग नाटुकलं. मला माता केलं, कारण माझं पोट आधीपासूनच तयार होतं. दुसऱ्या तालुक्यातली एक सिस्टर सिस्टर झाली. मला म्हणाले, कळा आल्यासारखं ओरडा. आयुष्यभर दुसऱ्यांचं ओरडणं ऐकलेलं, मी ते सगळं एका दमात काढून दाखवलं. हॉटेलचा मॅनेजर धावत आला आणि लेणी बघायला आलेलं एक गोरं जोडपं दारात उभं राहून छातीवर क्रॉस करू लागलं. समोरची सिस्टर ठरल्याप्रमाणे "माता, तुम्हाला जमेल" म्हणायची ती सवयीनं म्हणाली, "गप गं, सगळ्यांनाच होतं." मॅडमनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

दीर्घ श्वास हाच त्यांचा रामबाण उपाय होता. आपल्याला जो राग येतो तो मनाचा थकवा आहे, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर दुसऱ्याचं दुःख, भीती, आनंद झेलून मन रिकामं होतं, म्हणून कामाच्या मध्ये थांबून नाकानं खोल श्वास घ्यायचा. आमच्या लेबर रूममध्ये फिनाइल, रक्त, पाणमोट फुटून सांडलेलं पाणी आणि कोपऱ्यातली बादली यांचा मिळून जो दरवळ असतो, त्यात नाकानं खोल श्वास कुणीतरी एकदा घेऊन दाखवावा.

मला खरं तर राग येत नाही. मी रागावते. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मला हॉलमध्ये नीट सांगता आला नाही म्हणून इथं सांगते. लेबर रूममध्ये रागावणं ही आमच्यातली जुनी पद्धत. कुठल्या पुस्तकात नाही, एका सिस्टरकडून दुसरीकडे आलेली. ती चांगली आहे असा माझा दावा नाही. काही जणी तिथं जे बोलतात ते ऐकून कानात बोटं घालावीत. "तेव्हा बरं गोड लागलं" हे वाक्य ज्यांच्या तोंडी शोभतं त्यांना ते लखलाभ असो, माझ्या तोंडून ते कधी गेलं नाही. पण कळा घेणारी बाई घाबरली की श्वास कोंडते, मांड्या आवळते आणि वरवर सरकत टेबलाच्या डोक्याशी जाते, जणू बाळ खाली ठेवून आपण तेवढं वरून निसटू. तिला माझा संताप आला की ती सरळ होते. कळांवर चिडता येत नाही, देवावर चिडायची त्या वेळी हिंमत नसते, आणि नवरा गेटबाहेर तंबाखू मळत उभा असतो. सिस्टर हाताशी असते.

आणि आमच्या मनाचं म्हणाल, तर ते रिकामं व्हायला आधी भरू द्यावं लागतं. मी दार उघडून नुसती चहाला निघाले तरी व्हरांड्यातली सगळी माणसं उठून उभी राहतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी हसले तर कुणाला तरी मुलगा झाला, नाही हसले तर कुणाला तरी मुलगी झाली, आणि घाईत चालले तर कुणीतरी गेलं, असा हिशेब ती लावतात. म्हणून चहाला जाताना आम्ही सगळ्या तोंडाची भिंत करून जातो. घरी आल्यावरही ती भिंत लगेच उतरत नाही. सून विचारते, "भाजी चांगली झाली नाही का?"

प्रशिक्षणाहून परतल्यावर मी मनापासून गोड बोलायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी एका बाईला म्हटलं, "माता, जरा कुशीवर वळता का?" ती बिचारी मागे वळून बघायला लागली, दुसरी कोण आली म्हणून. आमच्याकडे साफसफाईला आणि आणखी हजार कामांना एक वयस्क बाई होत्या, सगळे त्यांना खाला म्हणत. त्या फरशी पुसता पुसता थांबल्या. "बाई, तबियत ठीक है ना? कायकू माता माता कर रे?" मी त्यांना भिंतीवर नव्यानं लावलेलं पोस्टर दाखवलं. त्यावर एक हसरी सिस्टर हसऱ्या बाळंतिणीचा हात धरून उभी होती. खालांनी ते नीट बघितलं आणि म्हणाल्या, "इसके कपडे कित्ते साफ हैं."

अशा गोड वातावरणात ती दुपार आली.

मी सकाळची पाळी संपवून दुपारच्याही पाळीला थांबले होते. दोन बायका टेबलावर होत्या. पहिली लासूर स्टेशनची, तिसऱ्या खेपेची, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. आल्यापासून ती मलाच शिकवत होती. कळ आली की नवऱ्याच्या नावानं जे काही काढायची, ते त्या नवऱ्यानं बाहेर ऐकलं असतं तर चौथ्याचा विचार स्वप्नातही केला नसता. तिच्याशी माता म्हणून बोलण्यात अर्थ नव्हता. माझा संकल्प अर्ध्या तासात गळून पडला.

दुसरी पाचोडकडच्या एका खेड्यातली. कोवळी, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, पण हिची आई हिच्या लहानपणीच गेलेली, म्हणून सासूच घेऊन आली होती. दिवस भरलेले, आणि आदल्या दिवसापासून पोटातलं लेकरू हालत नव्हतं. सकाळी आमच्या तरुण डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं, परत बघितलं, मग बाजूला खुर्ची ओढून बसले आणि तिला सांगितलं की ठोके नाहीत, बाळ पोटातच गेलं. चांगला मुलगा तो, सांगताना त्याचाच आवाज फाटला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आता घरी जाऊ?"

नाही म्हटलं. बाळंत व्हावं लागेल, औषध देऊन कळा आणाव्या लागतील.

"कळा येतील?"

"हो."

"सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हटलं. त्या एका शब्दाला मी दिवसभराचा गोडवा लावला, तरी तो शब्द तसाच राहिला.

सासू बाहेर जमिनीवर पाय दुमडून बसली होती. राकट, उन्हात करपलेली बाई; पोरगी तिला आत्या म्हणायची. आधी म्हणाली, पोट फाडून काढून टाका, पोरीला कशाला तरास. पोट फाडलं तर तिलाच धोका आणि पुढच्या खेपेलाही, हे तिला समजावलं. ते तिला पटलं. मग तिनं माझा हात धरला. "सिस्टर, एक करा. तिला दाखवू नका. फडक्यात बांधून मह्या हातात द्या, मी पोरांसंगं लावून देते. सांज व्हायच्या आत मातीआड होईल. बघितलं की याद ऱ्हाती." मी होकारार्थी मान हलवली. आमच्या तोंडाच्या भिंतीला मान हलवणं तेवढं जमतं, आणि त्यानं समोरचा माणूस लवकर जातो.

अशा बाईसाठी आमच्याकडे एक न सांगता चालत आलेली रीत आहे. तिला कोपऱ्यातलं टेबल द्यायचं. पडदा ओढायचा. तिच्यावर आवाज चढवायचा नाही. तिच्याशी मऊ बोलायचं, आणि बोलून झालं की लवकर पडद्याबाहेर यायचं. पुण्याच्या मॅडमनी बघितलं असतं तर म्हणाल्या असत्या, अरे वा, तुम्हाला येतं की! येतं ना. गोड बोलणं आम्हाला पहिल्यापासून येतं, पण ते आम्ही मेलेल्या लेकरांच्या आयांसाठी राखून ठेवलेलं असतं. हे त्या दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

लासूरवालीची वेळ भरली. मी माझ्या मूळ रूपात आले. "तोंड बंद कर आणि जोर लाव! नवऱ्याला शिव्या घरी जाऊन दे, इथं वाया जातात! अगं पाय का मिटतेस, डोकं चेपतंय त्याचं! हे बघ, केस दिसले, काळेभोर, आता नाटकं केलीस तर मी चालले चहाला!" तिनं मलाही एक शिवी हासडली आणि त्याच रागात बाळंत झाली. लेकरानं अख्खं छत डोक्यावर घेतलं. खाला हसल्या, मी हसले, लासूरवाली हसत रडली. पोरगा होता. बाहेर निरोप गेला आणि व्हरांड्यात कुणीतरी टाळी वाजवली.

पडद्याचं कापड हिरवं आहे, जाड आहे. आवाज अडवायला ते शिवलेलंच नाही.

मी हात धुऊन पडद्याआड गेले. तिची वेळही भरली होती. डोकं खाली आलेलं, दोन-चार चांगले जोर लागले की सुटका झाली असती. पण ती जोर लावत नव्हती. कळ यायची, पोट दगडासारखं व्हायचं, आणि ती ओठ दाताखाली धरून गुडघे एकमेकांवर आवळायची. एक आवाज नाही. घाम मात्र टेबलावरून ठिबकत होता. डॉक्टर येऊन बघून गेले. "सिस्टर, लांबत चाललंय. अंग तापायला लागलंय तिचं. थोडा वेळ बघा, नाहीतर ओढून काढावं लागेल." ओढून काढणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. आणि असं लांबलं की नंतर बाईचं रक्त थांबता थांबत नाही, तेही माहीत होतं. लेकरू गेलंच होतं. आता ही पोरगी राहते की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोस्टरमधल्या बाईसारखा. "बाळा, घाबरू नकोस. तुला जमेल तसं कर. हळूहळू. आम्ही आहोत ना."

तिनं डोळे उघडले. आल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलं.

"तिच्यावर तर लई वरडल्या तुमी," ती म्हणाली. "मह्यावर का नाय वरडत?"

मी खांद्यावरचा हात काढून घेतला.

"महं लेकरू मेलंय म्हणून?"

"तसं नाही गं—"

"तसंच हाय. सकाळधरनं सगळे गोड बोलू ऱ्हायलेत. आत्या बी गोड बोलली, ती कधी बोलत नाय. तुमी गोड बोलल्या की मला पुन्यांदा कळतं." तिला कळ आली, तिनं गुडघे आवळले, कळ जाऊ दिली. मग म्हणाली, "मला बी रागवा ना. तिला रागवल्या तसं."

रागव म्हटल्यावर रागवायला काय लागतं मला? अख्खी हयात त्यात गेलेली, साऱ्या शहरानं ऐकलेला आवाज. मी तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य आलं ते असं: "अगं, जोर लाव, जीव गुदमरतोय त्याचा." ते मी ओठांतच धरलं. दुसरं आलं: "पाय मिटू नकोस, डोकं चेपेल." तेही गिळलं. "लवकर कर, रडायचंय त्याला." "बघ, बाहेर यायला किती घाई झालीय." "आईच अशी आळशी तर पोर कसं होईल?" माझी एकूण एक शिवी, एकूण एक टोमणा, सगळ्यांच्या शेवटी एक जिवंत लेकरू बसलेलं होतं. ते काढून घेतलं तर माझ्याजवळ एकही वाक्य शिल्लक नव्हतं. मी तशीच तोंड उघडं टाकून उभी राहिले आणि मला भीती वाटली. इतकी वर्षं बायकांची भीती घालवणाऱ्या मला, भर दुपारी, पंख्याखाली, घाबरायला झालं.

पुढची कळ आली. तिनं गुडघे आवळले, आणि ते बघून मला खरोखरच राग आला. रागावणं नव्हे, राग. कुणाचा ते विचारू नका, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"ए!" मी म्हटलं. लासूरवाली पलीकडे दचकली. "कशाला धरून ठेवतेस त्याला? किती दिवस ठेवणार? सोड गुडघे! तू नाही आणलंस तर डॉक्टर चिमटे लावून ओढणार आहेत, चालेल तुला? चालेल? तुझं लेकरू आणि दुसऱ्यानं ओढायचं? आई आहेस ना तू त्याची? मग आण नीट, आईनं आणल्यासारखं! तोंड बघायचं नाही का त्याचं?"

"दावनार?" ती ओरडली.

"दाखवणार! आधी जोर लाव!"

"आत्या नाय म्हनली."

"आत्या राहू दे बाहेर! इथं मी सांगते ते चालतं! लाव जोर!"

तिनं माझं मनगट धरलं आणि ती किंचाळली. लासूरवालीच्या दुप्पट. माझी बांगडी फुटली. मी तिच्यावर ओरडत होते, ती माझ्यावर, आणि पलीकडून लासूरवाली पडल्या पडल्या ओरडत होती, "लाव बाई, लाव, सुटशील!" बाहेर कुणी मोबाइल फटीला लावला असेल तर त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. त्या गदारोळात ती बाळंत झाली.

मग शांत झालं. लेबर रूममध्ये एक क्षण असतो, बाळ बाहेर आल्यापासून रडेपर्यंतचा, तेव्हा सगळ्यांचे कान उभे राहतात. माहीत असूनही आमचे सगळ्यांचे कान उभे राहिले. माझा हात सवयीनं त्या लेकराच्या पाठीवर गेला आणि मी चोळायला लागले, जोरात, जसं चोळतो तसं. खालांनी माझा हात धरून बाजूला केला. "बस, बाई. बस." मला रडू आलं आणि मी रडले. प्रशिक्षणात यासाठी काय सांगितलं होतं ते आठवलं नाही.

"काय हाय?" तिनं विचारलं.

"मुलगी."

मी आजवर जेवढी बाळंतपणं केली त्यांत बाहेरून हा प्रश्न आला नाही असं हे पहिलंच. आत-बाहेर जिला खरंच जाणून घ्यायचं होतं अशी एकटी त्या लेकराची आई होती.

वार पडली, रक्त बेतात राहिलं, डॉक्टरांनी मान डोलावली. ती वाचली होती. एरवी इथं माझं काम संपतं. पण मी शब्द देऊन बसले होते, आणि तोही एकीला एक, दुसरीला दुसरा. खालांनी पोरीला पुसून स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मी दार उघडून बाहेर गेले.

सासू उठून उभी राहिली आणि फडक्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

"ती बघणार आहे," मी म्हटलं.

"तुमी मान हलवली व्हती."

"हलवली होती. पण तिला दाखवते म्हणून बोलले, तेव्हा कुठं तिनं जोर लावला."

"अवो, मंग लावला न्हवं? झालं की काम. आता कशाला?" तिचा आवाज चढला. व्हरांड्यातली माणसं आमच्याकडे वळली. "उद्या ही पोर येडी झाली, रातच्याला उठून रडाया लागली, तर तुमी येनार का पाचोडला सांभाळायला? मलाच बघायचंय तिला. तिला दुसरं हाय कोन?"

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं, मी पाळी संपवून घरी जाणार आणि नळाला पाणी आलं का बघणार. रडणं ऐकायला तीच उरणार होती. मी तशीच दारात उभी राहिले. तिनं मला बाजूला सारलं आणि चपलांसकट आत शिरली. अडवायचं माझ्या जिवावर आलं.

मी मागोमाग गेले तोवर उशीर झाला होता. आम्ही बाहेर भांडत असताना खालांनी कुणालाही न विचारता ते गाठोडं पोरीच्या हातात दिलं होतं. ती उशीला टेकून बसली होती. तिनं दोन्ही हात पुढे ताठ करून लेकीला धरलं होतं, ताट धरावं तसं, सांडेल म्हणून. कधी लेकरू घेतलेलंच नव्हतं तिनं. लेकीचं डोकं तिच्या हाताच्या कडेवरून मागे कललं होतं.

सासू टेबलापाशी जाऊन थांबली. आता ती ओढून घेईल, म्हणून मी पुढे झाले.

"अगं, मान," सासू खेकसली. "मान धर ना तिची! मानंखाली हात घाल. असं धरत्यात का लेकराला? कुनी शिकवलं नाय का तुला?"

पोरीनं एक हात सोडवला आणि लेकीच्या मानेखाली घातला. मग कोपर वाकवून तिला छातीशी घेतलं.

"असं?" तिनं विचारलं.

"व्हय," सासू म्हणाली. "असं."